मक्यातला तिसरा प्रश्न

गाडी हायवेला लागली आणि मागच्या सीटवरून मोनाली म्हणाली, "आई, आज मेझमध्ये रुही माझा इंटरव्ह्यू घेणार आहे. स्कूलसाठी." रुही म्हणजे माझ्या मैत्रिणीची, सुमेधाची मुलगी, हिच्याच वर्गातली. मी म्हटलं, छान. मोनाली बोलायला लागली की अर्धं ऐकायचं आणि छान म्हणायचं, ही माझी जुनी खोड. मग ती म्हणाली, "फॅमिली फॉल ट्रॅडिशन्सवर आहे. पार्टनरला पाच क्वेश्चन्स विचारायचे आणि मंडेला क्लाससमोर वाचायचं. क्वेश्चन थ्री इज, ऑक्टोबरमध्ये तुमच्या घरी काय सेलिब्रेट करतात." माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मिनेसोटात माणसं हॉर्न देत नाहीत, एकवेळ मागून धडकतील आणि सॉरी म्हणतील, त्यामुळे तो हॉर्न माझ्या पाठीतून आरपार गेला. "मग काय सांगणार तू?" मी विचारलं. मोनाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते व्हाइट कपड्यांचं सांगेन ना. इट्स अवर्स." नऊ वर्षांच्या मुलीने सांगावं तितक्या सहज सांगितलं. मी नको म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. आरशात तिचे डोळे दोनदा माझ्याकडे आले आणि दोन्ही वेळा मी रस्त्याकडे बघत होते. पुढे वीस मिनिटं गाडीत कुणीच बोललं नाही.

तर व्हाइट कपड्यांचं. गुरुवारी दसरा झाला. सकाळी माझ्या बाबांचा नागपूरच्या दीक्षाभूमीवरून व्हिडिओ कॉल आला, मागे नुसती माणसंच माणसं, बाबांचा अर्धा कान तेवढा दिसत होता. संध्याकाळी आम्ही तिघांनी पांढरे कपडे घातले, हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून वंदना म्हटली. मोनालीला सगळी पाठ आहे, अर्थ विचारते तेव्हा माझा नवरा, धर्मराज, सांगतो, मी खीर ढवळत असते. आणि शुक्रवारी पाच वाजता सुमेधाचा मेसेज: मी आणि श्रीराम सोनं द्यायला येतोय, पाच मिनिटांत! पाच मिनिटांत आमच्या घरात काय होतं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. फोटो खिळ्यावरून निघतो, बेडरूमच्या कपाटात जाड जॅकेटांच्या मागे जातो, आणि खिळ्यावर इथल्याच ईडन प्रेरीच्या तळ्याचं एक फालतू चित्र लागतं. या घरात आल्यापासून, गेली आठ वर्षं. पूर्वी हे मी करायचे. काल मी पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत मोनाली स्टुलावर चढलीसुद्धा होती. "आय गॉट इट, आई," म्हणाली. फोटो छातीशी धरून जपून उतरली, गेली, चित्र घेऊन आली, सरळ केलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. धर्मराज चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "शाब्बास," तो मला म्हणाला. "चांगलं शिकवलंस पोरीला." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आज सकाळी म्हणाला तेवढंच, "मी येत नाही. तुझी परंपरा तू सांभाळ."

ही दुसरी परंपरा. मुली चार वर्षांच्या होत्या तेव्हापासून ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही या शेतावर मक्याच्या भुलभुलैयात येतो. आधी सायडरचे गरम डोनट, मग मुली पुढे, दहा मिनिटांनी आया मागे, आणि मधल्या लाकडी पुलावर सगळ्यांनी भेटायचं. माझी आजी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबली. दुसऱ्याच्या शेतात तिकीट काढून चुकायला जाणारी आमच्या घरातली मी पहिली. हे मी एकदा धर्मराजला सांगितलं तेव्हा तो खो खो हसला होता. सुमेधाला सांगता आलं नाही. कितीतरी चांगले विनोद माझ्या पोटात असे पडून आहेत.

पार्किंगमध्ये सुमेधा आधीच हजर. जांभळा स्वेटर, केसात गॉगल, हातात डोनटची कागदी पिशवी. "अगं किती उशीर! धर्मराज कुठाय? पुन्हा ऑन कॉल? काय यार तुझा नवरा!" तिच्या मागून रुही धावत आली, गळ्यात दोरीने अडकवलेला क्लिपबोर्ड आणि पेन्सिल. मी त्या क्लिपबोर्डकडे पाहिलं. पिवळा कागद, पाच ओळी, पहिल्या दोन भरलेल्या. "कारमध्येच दोन भरले हिने, स्वतःच्या मनाने," सुमेधा म्हणाली, "नाव आणि फॅमिली मेंबर्स. महाबिलंदर कार्टी." म्हणजे तिसरा बाकी होता. मी म्हटलं, "मुलींनो, आज सगळे बरोबरच जाऊ या का?" तिघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू डोनट परत करायला सांगितले. "अंजना, परंपरा म्हणजे परंपरा," सुमेधा म्हणाली. रुहीने मोनालीचा हात धरला आणि दोघी मक्यात शिरल्या. मोनालीचं लाल जॅकेट एक वळण दिसलं, मग नाही.

दहा मिनिटं. सुमेधाने सेल्फी काढला, नीट आला नाही म्हणून दुसरा काढला. मी डोनट हातात धरून उभी. सुमेधा वाईट असती तर किती बरं झालं असतं. मोनाली झाली तेव्हा माझे टाके पिकले, धर्मराजला रजा मिळेना, तेव्हा ही बाई तीन आठवडे रोज डबा घेऊन यायची, बाहेर बर्फ गुडघ्याएवढं. स्वतःची सहा महिन्यांची रुही कडेवर घेऊन माझ्या मोनालीला न्हाऊ घालायची. मला इथे बहीण नाही, आहे ती हीच. आणि ओळख झाली त्या पहिल्या संध्याकाळी हिने विचारलं होतं, "नागपूरला कुठे गं?" आणि मी म्हटलं होतं, "धरमपेठ." माझा जन्म इंदोऱ्याचा, शाळा इंदोऱ्याची, आई गेली ती इंदोऱ्यातल्या घरात. नागपूरच्या माणसाला इंदोरा म्हटलं की वस्ती कुणाची ते कळतं, पुढचं काही विचारावं लागत नाही. सुमेधा पुण्याची, तिला काय कळणार होतं? पण धरमपेठ तोंडातून असं सुळकन निघालं, जसं काही आम्ही तीन पिढ्या त्या बंगल्यांच्या वस्तीतच नांदतोय. आडनाव मेश्राम, इथल्या मराठी मंडळाच्या यादीत मी नुसती अंजना धर्मराज. 'काहून' म्हणायची जीभ 'का' म्हणायला लावली, 'हाव'चं 'हो' केलं. एकेक करून सगळं आत सरकवत गेले. खोटं असं मी एकच बोलले, धरमपेठ. बाकी सगळं नुसतं न सांगणं. न सांगण्याला कुणी खोटं म्हणत नाही म्हणून मी त्यावर इतकी वर्षं काढली.

"चला," सुमेधा म्हणाली, आणि आम्ही आत शिरलो. मका डोक्याच्या वर दोन हात. अर्धा वाळलेला, खाली पिवळा, वर अजून हिरवा. वारा आला की सगळी पानं एकदम घासतात आणि मग काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पायाखाली चिखल वाळून टणक झालेला. मी भराभर चालत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. "अगं हळू, हापिस गाठायचंय का तुला?" सुमेधा मागून. ती दर खांबापाशी थांबायची. त्या खांबांना तिकिटासोबतच्या कार्डाला भोक पाडायचं पंच बांधलेलं असतं, सगळी भोकं पडली की बाहेर एक भोपळा फुकट. तिला फुकटचा भोपळा हवा होता. माझ्या डोक्यात एकच हिशेब, रुही किती वेगाने लिहिते. एक प्रश्न, दोन ओळी, तिसरी इयत्ता ओलांडलेली पोर, तीन मिनिटं. आणि मग सोमवार. वर्गात मराठी मुलं चार. चार मुलांच्या आठ आई-बापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. कुणी वाईट बोलणार नाही. छे! सगळे शिकलेले. फक्त पुढच्या गणपतीला मला नैवेद्याच्या यादीतून काढून खुर्च्यांच्या यादीत घालतील, अगदी गोड बोलून. मोनालीला वाढदिवसाला बोलावतील, पण सांगायला जरा उशीर करतील. आणि तिला कळणार नाही की काय झालं. नाही, उलट कळेल. ती पोर बघते सगळं.

मला कळलं होतं, एकोणिसाव्या वर्षी. पुण्यात इंजिनिअरिंगला होते, कर्वेनगरात पेइंग गेस्ट. घरमालकीण काकू इतक्या मायेच्या की परीक्षेच्या आधी दही-साखर हातावर ठेवायच्या. दुसऱ्या वर्षी बाबा भेटायला आले, पोस्टातून नुकतेच रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात संत्रा बर्फीचा डबा. दार काकूंनी उघडलं. बाबांनी दोन्ही हात जोडले आणि आयुष्यभर म्हणत आले तेच म्हणाले, "जय भीम, ताई." काकू हसल्या. बसा म्हणाल्या, पाणीही दिलं. मी बघत होते, कुठला ग्लास दिला ते. संध्याकाळी बर्फीचा डबा, न उघडलेला, भांडीवाल्या बाईच्या हातात दिसला. आठ दिवसांनी काकू म्हणाल्या, "अंजना, भाच्याला खोली लागतेय गं, वाईट वाटून घेऊ नकोस." बाबा पुन्हा नागपूरहून आले, माझी ट्रंक उचलायला. जिन्यात मधेच थांबले, ट्रंक गुडघ्यावर टेकवली आणि म्हणाले, "बेटा, माझ्या तोंडून निघून गेलं. सवय आहे ना. माझ्यामुळे झालं." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असू द्या, बाबा." असू द्या! म्हणजे झालं तुमच्यामुळेच, पण असू द्या. त्या माणसाने मान डोलावली आणि ट्रंक घेऊन खाली उतरला. वीस वर्षं झाली. बाबांनी त्यानंतर माझ्या कुठल्याही मैत्रिणीसमोर तोंड उघडलेलं नाही. इथे आले होते तेव्हा सुमेधाला नमस्कार म्हणाले, नुसतं नमस्कार, आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर म्हटलं ना, असं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. स्वतःचा यायला हवा होता, पण तो येत नाही लवकर.

"अंजना, इकडे डेड एंड आहे!" सुमेधा ओरडली. खरंच होता. समोर मक्याची भिंत आणि एक पाटी, बुजगावण्याचं चित्र, खाली काहीतरी विनोद. मी त्या बुजगावण्याला मनातल्या मनात नागपुरी शिवी हासडली. वारा थांबला, आणि त्या शांततेत, अगदी जवळून, त्या भिंतीच्या पलीकडून, रुहीचा आवाज आला. "ओके. क्वेश्चन थ्री." रस्त्याने जायचं तर मागे फिरून किती वळणं, देव जाणे. शेजारच्या दुसऱ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मक्यातून आडवं जाऊ नये. मी मक्याची दोन ताटं बाजूला सारली आणि आत घुसले. "अगं काय करतेस! वेडी झालीस का? अंजना!" सुमेधा मागोमाग. पानांच्या कडा गालाला, मनगटाला चरचर कापत गेल्या. तीन-चार ओळी ओलांडल्या आणि समोर ताटं इतकी दाट की पुढे सरकता येईना. फटीतून फक्त लाल रंगाचा एक तुकडा दिसत होता. मोनालीची बाही. हात लांब केला असता तर लागली असती. मी तोंड उघडलं. हाक मारायची, काहीही सांगायचं, चल उशीर झाला, डोनट गार झाले, तुझ्या बाबांचा फोन आलाय, काहीही. सुमेधा माझ्या खांद्याला टेकून धापा टाकत उभी राहिली आणि तोंडावर बोट ठेवून हसली, लपून ऐकू या, अशा अर्थाने. तिला हा खेळ वाटत होता.

"वॉट डज युअर फॅमिली सेलिब्रेट इन ऑक्टोबर?" रुही वाचत होती.

मग मोनाली म्हणाली, "दसरा. सेम ॲज यू गाइज. आपट्याची पानं देतो, श्रीखंड खातो."

मला हायसं वाटलं. लपवून काय करू, वाटलं. सुटलो बाप्पा एकदाचे, असं अगदी शब्दांत मनात आलं. आमच्या घरात दसऱ्याला श्रीखंड कधी झालेलं नाही. तिने ते सुमेधाच्या घरी खाल्लंय.

"बट माय मॉम सेज यू गाइज आर समथिंग एल्स," रुही म्हणाली. "शी टोल्ड बाबा. तुम्ही दसरा करत नाही म्हणे. पण विचारायचं नाही. वुई आर नॉट सपोज्ड टू आस्क."

माझ्या खांद्यावरचा सुमेधाचा हात निघाला.

"युअर मॉम इज राँग," मोनाली म्हणाली. चिडून नाही, घाबरून नाही. शांतपणे, किंचित हसत, पुढच्याला आपण विचारलं हीच चूक झाली असं वाटावं अशा सुरात. तो सूर मी ओळखला. तो माझा होता, धरमपेठ म्हणतानाचा. "वुई आर द सेम. जस्ट राइट दसरा." आणि पेन्सिलचा आवाज, कागदावर.

मी सुमेधाकडे वळले. तिचा चेहरा लालबुंद, गॉगल घसरून कपाळावर आलेला. "अंजना, अगं तसं नाही," ती कुजबुजत होती, "वाईट अर्थाने नाही म्हटलं मी. श्रीरामचा एक कलीग नागपूरचा आहे, त्याच्याकडून कळलं, खूप वर्षं झाली. मला काय फरक पडतो गं? तुला ऑकवर्ड होऊ नये म्हणून आम्ही कधी विषय काढला नाही. आम्ही कधी काही म्हटलं का तुला?" खूप वर्षं. म्हणजे मी फोटो कपाटात ठेवत होते, आणि ही सोफ्यावर बसून त्या तळ्याच्या चित्राकडे बघत चहा पीत होती, आणि मनात म्हणत होती, बिचारी. "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तू का नाही सांगितलंस?" तिच्यावर रागवायला मी केव्हाही मोकळी होते, पुढे कधीतरी रागवेनही, कारण त्या 'आम्ही काही म्हटलं का'मध्ये एक काटा होता आणि तो मला लागला होता. पण आत्ता माझ्या कानात ते एकच चाललं होतं. जस्ट राइट दसरा. नऊ वर्षांची पोर. तिला मी कधीच सांगितलं नव्हतं, खोटं बोल. एका शब्दाने नाही. गाडीत वीस मिनिटं गप्प बसले, तेवढं तिला पुरलं.

"मोनाली!" मी ओरडले. आवाज फाटला. मक्यात काहीतरी फडफडत उडालं.

"आई?" लाल बाही हलली. "आर यू इन द कॉर्न? दॅट्स अगेन्स्ट द रूल्स."

"हो. आहे मी आत. ते खोड. तिसऱ्याचं उत्तर खोड."

रुही काहीतरी पुटपुटली, मोनालीने तिला गप्प केलं. मग माझी मुलगी, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, ती मराठीत म्हणाली, अगदी हळू, एकेक शब्द जपून, "आई, सुमेधा मावशी आहे का तुझ्याजवळ?"

समोरचं ताट मी मुठीत धरलं. ते कडकन मोडलं, तरी मी सोडलं नाही.

"आहे," मी म्हटलं. "इथेच आहे. बाजूला."

"मग... सांगू?"

ती माझी परवानगी मागत होती. मी हो म्हटलं असतं तर तिने सांगितलंही असतं, आणि सोमवारी, किंवा पुढच्या वर्षी, काही बिनसलं असतं तर जिन्यात थांबून म्हणाली असती, आई, माझ्यामुळे झालं.

"नको," मी म्हटलं. "तू नको. मी सांगते. रुही, बेटा, लिहितेस ना? लिही." सुमेधा माझ्या बाजूला काठीसारखी उभी होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते, बघितलं असतं तर मला जमलं नसतं. "आम्ही बौद्ध आहोत. माझं आडनाव मेश्राम. मी नागपूरची, इंदोऱ्याची. दसऱ्याच्या दिवशी माझ्या आज्याने लाखो लोकांच्या सोबत उभं राहून धम्म घेतला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं कोणी कोणासमोर वाकलं नाही." इथे मला थांबावं लागलं, कारण हे खरं नव्हतं. "मी वाकले," मी म्हटलं. "ते लिहू नको. बाकीचं लिही. तर त्या दिवसाची आठवण म्हणून आम्ही पांढरे कपडे घालतो, आणि..." पुढे काय ते येईना. दरवर्षी करतो ते, पाठ असलेलं, येईचना. रुहीची पेन्सिल थांबली. वारा आला, सगळा मका घासू लागला, आणि मी तोंड उघडं टाकून उभी.

वारा ओसरला तेव्हा पलीकडून मोनाली बोलत होती. कधी सुरू केलं होतं कोण जाणे. मला ऐकू आलं ते मधूनच, आणि तो सूर माझा नव्हता.

"...अँड द कँडल इज मी," ती रुहीला सांगत होती. "मेणबत्ती मी लावते. दरवर्षी मीच."